मुळशीचं पाणी आणि तीनशे किलोमीटर

खरं तर हा लेख फटफटीवर लिहायचा होता. किती किलोमीटर झाले, कुठे खाल्लं, कुठे टायर घसरता घसरता राहिला, वगैरे. पण शनिवारी रात्री साडेदहाला घरी पोचलो तेव्हा डोक्यात रस्ता कमी आणि पाणी जास्त होतं. त्यामुळे या वीकांताचा लेख जरा वेगळा झालाय. ज्यांना नुसता रूट हवाय त्यांच्यासाठी आधीच देऊन टाकतो: पुणे, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, भिरा, परत विळे, माणगाव, महाड, वरंधा घाट, भोर, पुणे. सगळं मिळून तीनशेच्या आसपास. एक घाट उतरायचा, एक चढायचा. झालं. आता उरलेल्यांनी पुढे वाचा.

निघण्याचं कारण मात्र फटफटी नव्हतं. बॅगेत एक चेक होता. गेले सहा महिने एक एजंट माझ्या मागे लागलाय. मुळशीला तळ्याकाठी एनए प्लॉट, समोर डोंगर, खाली पाणी, 'लेक व्ह्यू'. ब्रोशरवर एक जोडपं झुल्यावर बसून कॉफी पितंय आणि मागे निळंशार पाणी. बायकोला आवडलं होतं, मला तर फारच आवडलं होतं. (हिंजवडीत दिवसाचे दहा तास काचेच्या खोक्यात काढणाऱ्या माणसाला निळं पाणी दाखवलं की तो काहीही सही करतो.) टोकनचा चेक लिहिला, खिशात घातला आणि म्हटलं, प्लॉट बघायचाच आहे तर पुढे घाट उतरूनच येऊ. सोबतीला ऑफिसमधला मित्र, आमचा डीबीए. त्याची बुलेट, माझी जुनी पल्सर.

पहाटे साडेपाचला कोथरूड सोडलं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, हवेत बऱ्यापैकी गारवा. भूगाव, पिरंगुट मागे पडेपर्यंत रस्ता शहरच असतो. नुसता लांबलेला. पौडनंतर मात्र डोंगर जवळ येतात आणि भाताची खाचरं सुरू होतात. भात कापणीला आलेला, काही ठिकाणी कापून आडवा पसरलेला. हा आंबेमोहोराचा मुलूख. गाडी हळू केली की ओल्या पेंढ्याचा वास हेल्मेटच्या आत येतो. मग एक वळण, एक चढ आणि अचानक ते पाणी. पावसाळा नुकताच संपलेला, तळं काठोकाठ. पाण्यावर धुक्याचा पातळ थर. आम्ही दोघांनीही न ठरवता गाड्या बंद केल्या.

तिथेच एका टपरीवर एजंट भेटणार होता. तो अर्थातच उशिरा येणार होता. चहा करणाऱ्या मावशींनी विचारलं, "कुटं निगाला?" मी ऐटीत सांगितलं की प्लॉट बघायला, लेक व्ह्यू. मावशींनी गाळणी आपटून चोथा टाकला आणि हसून म्हणाल्या, "त्या तुमच्या व्ह्यूत आमच्या आजेसासऱ्याची खाचरं हायेत, दादा. पार खाली. आमचं गाव आदी तितं व्हतं, मंग वर आलं."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. आपण 'आमचं दुकान आधी पलीकडे होतं' म्हणतो ना, तसं. पण माझा चहा जरा थांबला.

आता थोडा इतिहास. आपल्यापैकी निम्मे लोक आठवड्यातून एकदा तरी 'एसबी रोड'वर असतात. ऑफिस, मॉल, पब, डेंटिस्ट, काहीतरी असतंच. एसबी म्हणजे सेनापती बापट हे बहुतेकांना माहीत असतं. पण कुठल्या सेनेचे सेनापती? शाळेत मला वाटायचं पेशव्यांचे वगैरे असतील! ती सेना इथली होती, या तळ्याच्या जागी राहणाऱ्या शेतकऱ्यांची. आणि ज्या लढाईमुळे त्यांना सेनापती म्हणायला लागले ती लढाई ते हरले.

पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०, गाव पारनेर. मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले, कशासाठी, तर इंजिनिअरिंग शिकायला. म्हणजे आपल्याच जातकुळीतले. शिकता शिकता क्रांतिकारकांच्या नादी लागले आणि पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवायची विद्या शिकून आले. परत आल्यावर पुढे पारनेरमध्ये हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचे. अशा माणसाच्या पुढ्यात १९२१ साली मुळशी आली.

झालं होतं असं. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. कोळसा यायचा लांबून, बंगालकडून, महाग पडायचा, आणि शहरभर धूर. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पश्चिमेला शेकडो मीटरचा सरळ कडा आहे, तर ते पाणी अडवून कड्यावरून खाली सोडावं आणि वीज करावी, ही टाटांची कल्पना. आणि कल्पना म्हणून ती जबरदस्तच होती. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ साली भिवपुरीचं. तिसरं मुळशीच्या पाण्यावर. त्यासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं. बुडणार होती पन्नासच्या आसपास गावं आणि त्या मुलखातली सगळ्यात चांगली भातजमीन. माणसं दहा हजारांच्या वर.

कंपनीने परवानगी न घेताच लोकांच्या शेतात चाचणीचे चर खणायला सुरुवात केली आणि भडका तिथून उडाला. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजारावर मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. बायका होत्या, म्हातारी माणसं होती. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त लिहून टाटांना फेरविचार करायला सांगितलं. काम काही महिने थांबलं आणि डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. मग धरपकड, तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग. हे असं १९२४पर्यंत चाललं. बापट स्वतः अनेकदा आत गेले. अहिंसेवर त्यांचा गांधीजींइतका विश्वास नव्हता. शेवटी त्यांनी कामाच्या मोडतोडीचा मार्ग धरला आणि पळून न जाता स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले. सात वर्षांची शिक्षा झाली. धरण काही थांबलं नाही. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरूसुद्धा झालं.

राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर जे पुस्तक लिहिलंय त्याच्या नावातच 'जगातला पहिला धरणविरोधी लढा' असं म्हटलंय. नर्मदेच्या साठ वर्षं आधी. आणि आपण त्याच्यावरून दर पावसाळ्यात मक्याचं कणीस खात जातो.

पण मला खिशातल्या चेकमुळे जी गोष्ट टोचली ती वेगळीच. कंपनी नुकसानभरपाई द्यायला तयार होती, आणि दिलीसुद्धा. मग भांडण कसलं? भांडण हे की कागदावर जमिनीचा मालक जो होता, पैसे त्याला. त्यातले कितीतरी मालक पुण्यात राहणारे सावकार होते. जमीन कर्जापोटी त्यांच्या नावावर गेलेली, आणि चिखलात पाय घालून भात लावणारा नुसता कूळ. कुळाला कागदावर जागाच नव्हती. कूळकायदा आला १९४८ साली आणि 'कसेल त्याची जमीन' प्रत्यक्षात सुरू झालं १ एप्रिल १९५७पासून. म्हणजे मुळशीला पाणी भरल्यावर तीस वर्षांनी. सावकारांना एक साधा हिशेब दिसत होता: वसूल व्हायला कटकटीची अशी जमीन, आणि समोर कंपनीचे रोख पैसे. त्यांनी पैसे घेतले आणि लढ्याचा शहरातला आधार तिथेच ढिला पडला. शहर आणि गाव एका बाजूला आहेत असं वाटत होतं, ते नव्हते.

एवढ्यात एजंट आला. प्लॉट दाखवला. प्लॉट सुंदर होता, त्यात काही शंका नाही. मी विचारलं, "याचा जुना सात-बारा बघायला मिळेल का? अगदी जुना. फेरफार वगैरे?" तो म्हणाला, "सर, टायटल एकदम क्लिअर आहे. सर्च रिपोर्ट देतो ना." मी म्हटलं, बरं, सोमवारी फोन करतो. चेक तसाच बॅगेत. डीबीए काही बोलला नाही, पण त्याने माझ्याकडे असं पाहिलं की प्रॉडक्शनवर कोणीतरी व्हेअर क्लॉज न लिहिता डिलीट मारलाय. :)

मुळशी मागे टाकली की खरा रस्ता सुरू होतो. तळ्याच्या काठाकाठाने, एका दांडावरून दुसऱ्या दांडावर, आत-बाहेर. वस्ती विरळ होत जाते आणि झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकतात. जांभूळ, अंजनी, हिरडा, खाली कारवीची दाट झुडपं. ऊन फक्त ठिपक्यांसारखं खाली येतं. सकाळी रस्ता दवाने ओला असतो, त्यावर पानं, मध्येच शेण, मध्येच निवांत बसलेली म्हैस. तिसऱ्या गिअरच्या वर जायची गरज नाही आणि जाऊही नये. वळण दिसायच्या आधी हॉर्न, वळणात ब्रेकला हात नाही, उतारावर दुसरा गिअर आणि इंजिनलाच गाडी धरू द्यायची. तासभर असं चालवलं की डोक्यातला आठवड्याचा सगळा आवाज बंद होतो. मला तर वाटतं आपल्याकडची माणसं ध्यान करत नाहीत, ताम्हिणीला जातात.

इथे वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य जाहीर झालं. एका वळणावर थांबलो तर शेकरू दिसलं, लांब तांबूस शेपटी, एका फांदीवरून दुसरीवर. डीबीएने मोबाइल काढेपर्यंत गायब.

घाट उतरून विळ्याला आलो. बहुतेक लोक इथून सरळ माणगावला जातात. आम्ही भिऱ्याकडे वळलो, कारण आता मला त्या पाण्याचं दुसरं टोक बघायचं होतं. हा फाटा आता देवकुंड धबधब्यामुळे सगळ्यांना माहीत झालाय. पाटणूसवरून पुढे गेलं की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते, मान पूर्ण मागे टाकावी लागते. मुळशीचं पाणी बोगद्यातून, कालव्यातून या भिंतीच्या कडेला आणलंय आणि तिथून पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलंय. १९२७ सालापासून. मी आणि डीबीए दोघंही इंजिनिअर, त्यामुळे आम्ही तिथे उभं राहून प्रामाणिकपणे भारावलो. शंभर वर्षांपूर्वी, या जंगलात, या पावसात, कसं केलं असेल? मजूर कोण असतील? ज्यांच्या जमिनी चालल्या होत्या त्यातलेच काही असतील का?

आता गंमत बघा. मुळा पूर्वेला वाहणारी नदी. मुळशीहून पुण्यात येते, संगमावर मुठेला भेटते, पुढे भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. हजारो वर्षं हाच रस्ता. १९२७नंतर मुळशीचं अडवलेलं पाणी उलटं वळलं. कडा उतरलं, वीज देऊन कुंडलिकेत पडलं आणि अरबी समुद्रात गेलं. आमच्या कंपनीची टीम आउटिंग कोलाडला राफ्टिंगला गेली होती. तिथला माणूस म्हणाला होता, "सकाळी लवकर या, पाणी सुटतं तेव्हाच राफ्टिंग." तेव्हा मला हे कळलं नव्हतं. वीजघरातून सुटणारं पाणी म्हणजे आपलीच मुळा. पुण्याची नदी पुण्याच्याच पोरांना कोकणात नेऊन खेळवते आणि त्यांना पत्ताही नाही.

आणि ती वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना, दिव्यांना, विजेवर धावणाऱ्या गाड्यांना. मुंबईतही सेनापती बापट मार्ग आहे. कुठे? दादरहून लोअर परळकडे, बरोब्बर जुन्या गिरण्यांच्या मधून. ज्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली त्यांच्याच दारात मुळशीसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाचं नाव. हे कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही.

माणगावला हायवेला लागलो आणि पल्सरचं मागचं टायर बसलं. दुपारचा एक, ऊन कोकणातलं, पंक्चरवाला जेवायला गेलेला. दीड तास गेला. त्या वेळात आम्ही मासे खाऊन घेतले, त्यामुळे तक्रार नाही. महाडला पोचायला तीन वाजून गेले.

महाडला थांबायचं ठरलं नव्हतं. पण दिवसभर पाण्याचाच विषय चालला होता, आणि वरंध्याकडे वळायच्या आधी चवदार तळं गावातच आहे. मी आधी कधी गेलो नव्हतो. रायगडला पाच वेळा, चवदार तळ्यावर एकदाही नाही. हे लिहितानाही जरा लाज वाटतेय.

२० मार्च १९२७. पुन्हा तेच साल. ताम्हिणीच्या कड्याखाली भिऱ्यात मुळशीचं पाणी चाकं फिरवायला लागलं, त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, फटफटीने दोनेक तासांवर, डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन या तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्यायले. कायद्याने त्यात काही नवीन नव्हतं. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी ठराव मांडला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर तळं उघडं होतं. तीन वर्षं कोणीही त्यातून घोट घेऊ शकलं नव्हतं. गुरं पीत होती, माणसं नाही. २० मार्चला पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ले झाले आणि नंतर गोमूत्र, शेण घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला, तळं खाजगी आहे म्हणून. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं ते इथेच. खटला चालत राहिला आणि मुंबई हायकोर्टाने १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एका घोटासाठी दहा वर्षं.

तळ्याच्या पायरीवर बसलो. पाणी शांत. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातवाने पाण्यात हात घातला, आजोबांनी घालू दिला.

तिथे बसून मला वाटलं की सकाळची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच माळेतल्या आहेत, फक्त उलट्या. मुळशीत कागदाने हक्क नाकारला, कारण कुळाचं नाव कागदावर नव्हतं. महाडला कागदाने हक्क दिला, पण पाण्यापर्यंत चालत जायची हिंमत माणसांनाच करावी लागली. शाळेत आपण दोन वेगळ्या धड्यांत, दोन वेगळ्या वर्षी हे शिकतो. एका धड्यात बापट, एका धड्यात बाबासाहेब. मध्ये असलेला दोन तासांचा रस्ता कुठल्याच धड्यात नसतो. असो.

साडेचारला महाड सोडलं. वरंधा घाट ताम्हिणीपेक्षा जास्त रांगडा. पावसाळ्यात दरडी पडतात म्हणून बऱ्याचदा बंदच असतो, निघण्याआधी चौकशी करूनच जा. पायथ्याच्या अंगाला शिवथरघळ, समर्थांनी दासबोध जिथे लिहिला असं मानतात ती. पुढे रस्ता डोंगराच्या कुशीला चिकटून वर चढत जातो. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणं अशी की पुढे गेलेला डीबीए मला माझ्या डोक्यावर उलट्या दिशेने जाताना दिसत होता. वर कावळ्या किल्ला आहे. हा रस्ता किल्ल्याच्या अंगातूनच फोडून काढलाय, किल्ल्याचा एक भाग रस्त्याच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. वाघजाईच्या देवळापाशी भजी खाल्ली. माझ्या प्लेटमधली दोन माकडाने खाल्ली. सूर्य कोकणात उतरत होता, आणि ज्या खोऱ्यातून आम्ही आलो ते सगळं केशरी धुरात बुडालं होतं.

माथा ओलांडला की पाणी पुन्हा पूर्वेला वाहायला लागतं. आणि गंमत म्हणजे पुन्हा धरणच. रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याच्या काठाने जातो, संध्याकाळच्या उजेडात अगदी मुळशीसारखाच दिसतो. भोरच्या पुढे भाटघर. तिथे पहिलं धरण झालं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि त्याच्या जागी आत्ताचं मोठं धरण १९२८ साली. म्हणजे मुळशीच्याच वेळचं. फरक एवढाच की इथलं पाणी कालव्यांनी खाली बारामतीकडे, उसाला गेलं. वरच्या खोऱ्याने जागा द्यायची आणि खालच्याने पीक घ्यायचं.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. ज्यांच्या शेतात पाणी पोचतं त्यांच्या जमिनीतला वाटा, ज्यांचं शेत पाण्याखाली गेलं त्यांना द्यायचा, असं त्यातलं तत्त्व. तत्त्व न्याय्य आहे. अंमलबजावणीबद्दल कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा, साठ वर्षांनंतरही त्यांचे मोर्चे निघत होते. मुळशीची जमीन ज्या १८९४च्या भूसंपादन कायद्याने घेतली तो मात्र २०१४ सालापर्यंत जिवंत होता. मी नोकरीला लागलो, पहिली गाडी घेतली, पहिलं घर घेतलं, तेव्हाही देशात जमीन त्याच कायद्याने घेतली जात होती. हिंजवडीचीसुद्धा आधी शेतंच होती. माझ्या डेस्कखाली काय पिकायचं हे मी कधी विचारलेलं नाही.

भोर ते पुणे अंधारात. समोरच्या गाड्यांचे लाइट, पाठ दुखायला लागलेली, डीबीए पुढे, मी त्याच्या लाल दिव्याच्या मागे. घरी आलो तर बायको जागी होती. तिने पाणी आणून दिलं आणि पहिला प्रश्न, "दिला का चेक?"

मी सगळं सांगितलं. मावशी, खाचरं, सावकार, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आपण नाही घेतला तर दुसरं कोणीतरी घेईल. त्याने त्या मावशींना काय मिळणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नाहीये. प्लॉट न घेऊन मी शंभर वर्षांपूर्वीचं काही भरून काढणार नाही, आणि शहरात राहून, वीज वापरून, काठावरून फोटो काढून मी या सगळ्याच्या बाहेरही नाही. ती म्हणाली, "मग निदान कोणाकडून घेतोय ते तरी बघ." ते मात्र पटलं. सोमवारी एजंटला फोन करून सांगितलं की जुने फेरफार, 'इतर हक्कां'चा रकाना, कुळाची नोंद असली तर ती कशी आणि कधी कमी झाली, हे सगळं आधी पाठव. मग बोलू. तो म्हणाला, "सर, एवढं कोणीच विचारत नाही." अजून त्याचा फोन आलेला नाही.

सोमवारी ऑफिसला जाताना बालेवाडीच्या पुढचा पूल ओलांडला. खाली मुळा. रोज तिच्यावरून जातो, कधी पाहिली नव्हती. पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडतात तेव्हाच काय ती नदीसारखी दिसते. आता काळं, संथ पाणी आणि काठाला जलपर्णी. पुण्याची तहान वाढल्यावर मुळशीचं पाणी आता पूर्वेला द्या अशी मागणी अधूनमधून होत असते. म्हणजे आता आपल्यालाही ते पाणी हवंय. मिळालं, तर ते आपल्या नळाला येईल. तळ्याकाठच्या टपरीवरच्या हंड्यात येईल की नाही, ते मी पुढच्या वेळी मावशींना विचारणार आहे.

मागे कोणीतरी हॉर्न वाजवला. गाडी पुढे घेतली.